तिसरा खडा

बारामतीच्या छोट्या गाडीतून उतरलो तेव्हा विनू आणि मी इतके खुशीत होतो, की ब्रेकव्हॅनमधून सायकली उतरवून घ्यायचेच विसरलो. गार्डाने हाक मारली तेव्हा दोघेही बोंबलत मागे धावलो. आम्ही पुण्यातल्या एकाच शाळेचे मास्तर. उन्हाळ्याची सुटी लागली होती, आणि सायकलवरून इंदापूर गाठून भीमेत मनसोक्त डुंबायचे असा आमचा बेत होता. बायकांनी आम्हांला वेड्यात काढले होते, त्यामुळे उत्साह दुप्पट झाला होता.

बारामतीला एका खानावळीत भाकरी, झुणका आणि नव्या गुळाचा खडा असे जेवण हाणले. खानावळीचे तात्या आमच्या सायकली निरखत होते.

"कुठं निघालासा?"

"इंदापूरला. निमगाव केतकीवरून."

"मग कालव्याच्या अंगानं, लासुर्ण्यावरनं जावा. लांब पडंल, पण पाणी हाय. माळानं जाऊ नगासा."

आम्ही मान डोलावली आणि माळानेच गेलो. विनूने वहीत काढलेल्या नकाशात माळाची वाट सुतासारखी सरळ होती. शिकलेल्या माणसाला कागद दिसला की कान ऐकेनासे होतात.

पण काय तो माळ! उसाची हिरवाई मागे पडली आणि समोर नुसते पिवळे गवत आणि आभाळ. चिंकारांचा एक कळप आमच्यापुढून उड्या मारत गेला, तेव्हा विनूने दोन्ही हात सोडून सायकल चालवली आणि तरवडाच्या झुडपात जाऊन पडला. आम्ही पोट धरधरून हसलो. हसणे संपल्यावर कळले, की चाकात बाभळीचा काटा घुसला आहे.

पंक्चर शोधायला पाणी लागते. आमच्याजवळ दोन फिरकीचे तांबे होते. विनूने आपली सोला हॅट उलटी धरली, तिच्यात दोन्ही तांबे रिकामे केले आणि ट्यूब बुडवली. "नंतर हेच पाणी गाळून पिऊ," तो म्हणाला. हॅटला वर, म्हणजे आता तळाशी, हवेसाठी भोक असते हे आम्हां दोघा मास्तरांच्या ध्यानात आले नाही. बुडबुडा दिसेपर्यंत पाणी जमिनीत गेले. चाक दुरुस्त झाले, आणि अर्ध्या कोसावर दुसरे पंक्चर झाले.

दुपार चढली. वाट कधी संपली ते कळलेच नाही. सायकली ढकलत चाललो. विनू आधी गात होता, मग उगाचच हसू लागला. मला वाटले, मजेत आहे. हात लावून पाहिला तर अंग तव्यासारखे तापलेले, आणि घामाचा थेंब नाही. मला "आई" म्हणून हाक मारून तो माझ्या अंगावर कोसळला. त्याची दोन लहान पोरे माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मी खरोखर घाबरलो.

सायकली टाकून दिल्या आणि त्याला ओढत एका हिवराच्या झाडाखाली नेले. बुंध्याशी ओल्या फडक्यात गुंडाळलेले मडके अर्धे पुरलेले होते. वर परळ (मातीची ताटली), परळावर दोन खडे, भोवती हिरव्या डहाळ्या.

"देव आहे," विनू पुटपुटला. चाचपडत त्याने जमिनीवरचा एक खडा उचलला, त्या दोन खड्यांशेजारी परळावर ठेवला आणि हात जोडले.

मी परळ उचलला. देव कुठला, पाणी होते! कुणाचे, हा प्रश्न मनात आला आणि मी तो बाजूला सारला. विनूला पाजले, त्याच्या डोक्यावर ओतले. खोटे कशाला बोलू, मीही चार घोट घेतले. तिसरा हिस्सा राहिला तेव्हा कुठे हात थांबला. परळ ठेवला, वर तिन्ही खडे ठेवले. विनूला घाम फुटला आणि तो घोरू लागला. इतके गोड घोरणे मी आजवर ऐकले नव्हते.

थोड्या वेळाने एक म्हातारा धनगर आला. खांद्यावर नुकतेच जन्मलेले कोकरू, मागे सून, तिच्यामागे मेंढी.

"मेंढी वाटंतच व्याली," तो म्हणाला. "बिऱ्हाड (मेंढ्या आणि घरची माणसे) गेलं पुढं. आमी दोघं ऱ्हायलो मागं." मग त्याची नजर परळावर गेली. "आँ? तीन खडं?"

पुढे गेलेल्यांनी मागच्यांसाठी पाणी ठेवायचे; मागे जितकी माणसे, तितके खडे. जो येऊन पाणी पिईल त्याने आपला खडा उचलायचा, ही त्यांची रीत त्याने सुनेकडे बघत अर्ध्या वाक्यात सांगितली आणि त्याचा चेहराच पडला.

"म्हंजी म्हातारी बी मागंच हाय! म्या समजलो, ती पुढं गेली."

सुनेने दोन घोट घेतले आणि एक खडा उचलला. "मामंजी, पाणी लई कमी हाय."

"उन्हानं आटलं आसंल. ते ऱ्हाऊ दे. तिचं हाय ते."

कोकरू सुनेच्या ओटीत टाकून, पाण्याला तोंडही न लावता, तो उन्हात परत निघाला. मी बघत होतो. सांगायचे म्हणजे चोरी कबूल करायची. जीभ उचलेना. मग ओरडलो, "आबा, थांबा! तो खडा आमचा आहे! पाणी आम्ही प्यालो!"

तो वळला. आता काठी पाठीत बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"म्हंजी म्हातारी पुढंच हाय?"

"असणार."

म्हाताऱ्याने घोंगडी आभाळात उडवली आणि असा हसला की मेंढी बिचकली. "पाणी पेला, गडी वाचला. माणसासाठीच ठेवलं व्हतं की!" उरलेले पाणी त्याने पुढे केले. मी नको म्हटले, तेव्हा त्याने ते प्यायले.

ऊन उतरल्यावर टाकलेल्या सायकली उचलून आम्ही त्यांच्यामागे निघालो. संध्याकाळी त्यांच्या वाघुरीपाशी (मेंढ्यांचे जाळीचे कुंपण) म्हातारी चुलीपुढे ठणठणीत बसलेली होती. सुनेने सगळे सांगितले. "माझ्यापायी माघारी निघाला व्हता? ह्यो?" म्हणून ती पदर तोंडाशी धरून हसत सुटली. म्हातारा लाजला. विनूने मेंढीच्या दुधात कुस्करून चार भाकरी खाल्ल्या.

निमगावला सायकली नीट करून घेतल्या, इंदापूरला पोहोचलो, भीमेत दिवसभर डुंबलो. पुण्यात विनू हॅटची गोष्ट रंगवून सांगतो आणि शिक्षकांची खोली दणाणते. मीही हसतो. बाकीचे मात्र मी कुणाला सांगितलेले नाही, ते इथे लिहितो. मी हाक मारली तेव्हा म्हातारा वीस पावले उन्हात गेलेला होता. हाक त्याला पहिल्याच पावलावर ऐकू गेली असती.