फिजिओ मॅडमचे प्रश्न

मी कॉलेजच्या मुलींचा कबड्डी कोच. आमच्या फिजिओ मॅडम 'दुखतंय का?' असं कधीच विचारत नाहीत. तलासरीकडच्या पोरी कितीही दुखलं तरी नाहीच म्हणतात. म्हणून गुडघा दाबता दाबता त्या घरचं काहीतरी विचारतात आणि उत्तर कुठे अडखळतं ते ऐकतात.

फायनलला आमची तिकडच्याच उधवा गावची हुकमी पोरगी गुडघ्यावर पडली. शेवटची चढाई बाकी होती.

"भात झोडून झाला का गं?"

"झाला मॅडम, आता पेंढा..." पोरगी थांबली.

"पट्टी बांधा आणि सोडा तिला!" मी ओरडलो.

मॅडमनी तिचा बूट काढून बॅगेत कोंबला आणि त्या बॅगेवरच बसल्या.

आम्ही हरलो. परतताना जीपमध्ये त्यांनी विचारलं, "सर, जेवलात का?"

'हो, केव्हाच' म्हणायला गेलो आणि 'हो'वरच अडखळलो.