लॅचची चौथी किल्ली

आमच्या मजल्यावर दिवसाढवळ्या दार लावलेलं दिसलं, की घरात भांडण तरी झालंय किंवा कुणी गेलं तरी आहे, असं समजायची पद्धत होती. एरवी सगळी दारं सताड उघडी. मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीत माझं सगळं लहानपण गेलं, आणि त्या लहानपणात माझी म्हणून एकही गोष्ट बंद राहिली नाही. माझी वही सगळ्यांनी चाळलेली, माझे मार्क मला कळायच्या आधी गॅलरीत पोचलेले, मला कुठल्या डब्यातले लाडू आवडतात आणि कुठल्या मुलाला मी हसले, हेही सार्वजनिक. मी चिडले की आई म्हणायची, "अगं, परकं कोण आहे इथे?" परकं कुणी नव्हतं हेच तर माझं दुखणं होतं.

या सगळ्यात मुख्य म्हणजे समोरच्या काकू. मालवणच्या, मनाने चांगल्या, पण तोंडात तीळ भिजत नाही. काका टेलिफोन खात्यात असल्यामुळे मजल्यावरचा एकुलता एक फोन त्यांच्याकडे, त्यामुळे साऱ्या मजल्याची बित्तंबातमी आधी काकूंच्या कानात पडायची आणि तिथून गॅलरीभर. आमच्या घराची किल्लीही त्यांच्याकडेच असे. आम्ही नसताना त्या दूध आत ठेवत, तुळशीला पाणी घालत आणि जाता जाता माझं कपाट नीट लावून देत. कपाट नीट लावलेलं दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

अशी मी, आणि एम. टेक.ला विषय काय घेतला, तर एकाच संगणकावर अनेकजण काम करत असताना प्रत्येकाची माहिती इतरांपासून सुरक्षित कशी ठेवायची! तेव्हा हा विषय नवा होता. पवईला आमच्या विभागात एक मोठा संगणक होता आणि त्याला जोडलेली मोजकी टर्मिनलं. वर्गात मोठ्या आशेने गेले. वाटलं, इथे तरी शिकलेली माणसं असतील, दार लावणारी.

कसलं काय. पहिल्याच महिन्यात वर्गाने आपापले पासवर्ड एकमेकांना सांगून टाकले. कारण अगदी सरळ होतं. टर्मिनल मिळायला तासन्‌तास ताटकळावं लागे, म्हणून ज्याला आधी जागा मिळेल त्याने सगळ्यांचे प्रोग्राम चालवून टाकायचे. सकाळी प्राध्यापक फळ्यावर लिहायचे, पासवर्ड कुणालाही सांगू नये. दुपारी तेच ऐकून आलेली मुलं टर्मिनलच्या खोलीतून एकमेकांना ओरडून पासवर्ड विचारायची. मी माझा सांगत नाही म्हटल्यावर घाटकोपरचा एक वर्गमित्र माझ्या मागेच लागला.

"अरे यार, एवढं काय लपवतेस? हिरे ठेवलेत का फाइलमध्ये?"

"काही नाही ठेवलेलं."

"मग सांग ना!"

"काही नसलं तरी ते माझं आहे," मी म्हणाले. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जशी काही मी देवळातला प्रसाद वाटायला नाही म्हणत होते.

मग प्रकल्पासाठी मी ठरवूनच टाकलं. असं कुलूप करायचं की मालकाशिवाय फाइल कुणालाही उघडता येऊ नये. वर्गमित्राला नाही, प्राध्यापकांना नाही, ज्यांच्या हाती सगळा संगणक असतो त्या व्यवस्थापकांनाही नाही. माझे मार्गदर्शक शांत गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि मालकच बाहेर अडकला तर? पासवर्ड विसरला, आजारी पडला, तर फाइल कोण उघडणार?"

"कुणी नाही."

"बाहेरचे परीक्षक हेच विचारतील. उत्तर तयार ठेवा."

मी ठेवलं नाही. मला तो प्रश्नच पटत नव्हता. आयुष्यभर सगळे माझं सगळं उघडत आले होते. कधीतरी न उघडणारं काहीतरी केलं, तर लगेच ते कोण उघडणार याची काळजी!

त्याच सुमारास अंधेरीच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलं. एम. टेक. पुरं झालं की रुजू व्हा, असं. हे मला कसं कळलं? मी बसमधून उतरले तेव्हा कोपऱ्यावरच्या वाण्याने माझं अभिनंदन केलं. पोस्टमन आला तेव्हा घरी कुणी नव्हतं. काकूंनी पत्र घेतलं, वाईट बातमी असली तर आईला एकदम धक्का नको म्हणून फोडलं, वाचलं, आणि वाईट नाही म्हटल्यावर मजल्यावर सांगून टाकलं. आईला काकूंकडून कळलं होतं, बाबांना जिन्यात कळलं होतं. माझ्या पहिल्या नोकरीची बातमी घरात सांगायला माझ्यासाठी कुणी उरलंच नव्हतं. मी त्या दिवशी रडले, आणि का रडतेस म्हणून चौकशी करायला पुन्हा काकूच आल्या.

मी बाबांच्या मागे लागून दाराला लॅच बसवून घेतलं. नुसतं ओढलं की बंद होणारं. त्याच्याबरोबर तीन किल्ल्या आल्या, आम्ही तिघं, हिशेब चोख. काकूंकडे किल्ली जाणार नाही, हे मी आईकडून वदवून घेतलं. काकूंकडून दर रविवारी येणारं बांगड्याच्या तिखल्याचं भांडं यायचं बंद झालं. आई भाजी ढवळताना मोठ्याने सुस्कारे टाकू लागली. मी दाद दिली नाही. मनाशी एकच गोष्ट धरून बसले होते, की तोंडी परीक्षा झाली, पास झाले, की ती बातमी आईला मी सांगणार. माझ्या तोंडाने, माझ्या घरात, तिला आधी ठाऊक नसताना. हसण्यासारखी इच्छा आहे, पण मला त्या पदवीपेक्षा ते जास्त हवं होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी चपला घालून दाराबाहेर आले. "थांब, थांब, दही!" म्हणत आई वाटी घेऊन मागोमाग बाहेर आली. मी हात पुढे केला, तिने तळहातावर दही घातलं, आणि गॅलरीतल्या वाऱ्याने दार लागलं. खट्‌. माझी पिशवी आत कॉटवर. पिशवीत प्रबंधाच्या बांधलेल्या प्रती, प्रोग्रामची चुंबकीय फीत आणि माझी किल्ली. आईची किल्ली ओट्याशी खिळ्याला. बाबा केव्हाच ऑफिसला गेलेले. परीक्षक बाहेरगावाहून एका दिवसासाठी आलेले. ते परत गेले की पुढच्या खेपेपर्यंत माझी पदवी लटकणार आणि अंधेरीची नोकरी हातची जाणार. वाट लागली होती, आणि मी हातातलं दही सांभाळत उभी होते.

काकू समोर दारातच कोलंबी सोलत बसल्या होत्या. सगळं त्यांनी पाहिलं होतं.

"काकू," आई हळूच म्हणाली, "जरा... ती..."

"माका कित्याक विचारतंस?" काकू मान वर न करता म्हणाल्या. "तुझ्या चेडवाक विचार. कुलपाचाच शिकता ना ता?"

मी आईकडे पाहिलं. आई दह्याच्या वाटीत बघत होती. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, आणि मी कपाळावर हात मारला. दह्याचा हात.

काकू सावकाश उठल्या. हात धुतले, पुसले, पुन्हा हुंगून बघितले आणि पुन्हा धुतले. मग कॅलेंडरमागून लाल नाडीला बांधलेली किल्ली काढून आणली. चौथी. लॅच बसवलं त्याच आठवड्यात आईने स्टेशनाजवळ करून घेतली होती आणि काकूंच्या हातात दिली होती, मला सांगायचं नाही या बोलीवर. ज्या बाईच्या पोटात साधी डाळीची फोडणी राहत नव्हती, तिने ही गोष्ट इतके महिने पोटात ठेवली, आणि वर मला दाखवण्यापुरता तिखल्याचा रुसवाही चालू ठेवला.

"आई, तू मला शब्द दिला होतास!"

"अगं, मग काय करायचं? एखाद्या दिवशी बाहेर अडकलीस तर?"

भांडायला वेळ नव्हता. मी पिशवी उचलली आणि पवईच्या बसमध्ये सबंध वाटभर मनातल्या मनात आईशी भांडत गेले.

परीक्षक उंच, कोरड्या चेहऱ्याचे होते. त्यांनी घाटकोपरच्या वर्गमित्रालाच पुढे बोलावलं आणि माझी फाइल उघडून दाखव म्हणाले. त्याला सगळ्यांचे पासवर्ड टाकून पाहायची सवय. त्याने बरेच प्रयत्न केले आणि घामाघूम झाला. मग व्यवस्थापकांनी हात लावून पाहिला. फाइल उघडली नाही. शेवटी मी टर्मिनलवर बसले आणि उघडली. आत एकच इंग्रजी ओळ होती, ही फाइल माझी आहे अशा अर्थाची. परीक्षक पहिल्यांदा हसले आणि मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. मालक बाहेर अडकला तर?

मार्गदर्शक खिडकीबाहेर बघू लागले. माझ्याकडे तयार होता तो फक्त सकाळचा राग.

"त्याची काळजी करायला नको, सर," मी म्हणाले. "आपण कितीही चांगलं कुलूप केलं, तरी घरातलंच कुणीतरी दुसऱ्या किल्लीची तजवीज करून ती शेजारी ठेवतं. आणि आपल्याला सांगत नाही."

"हे तुम्ही कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही, सर. आज सकाळीच झालं."

त्यांनी सगळी हकिगत विचारली. मी सांगितली, दह्यासकट. त्यांनी ती गंभीरपणे ऐकली आणि म्हणाले, हे तुमच्या प्रबंधात 'मर्यादा' या प्रकरणात घाला. म्हणून माझ्या प्रबंधात त्या प्रकरणात एक वाक्य आहे. त्यात 'अधिकृत वापरकर्ता' असं म्हटलं आहे, पण ते माझ्या आईबद्दल आहे. थोड्या वेळाने मला आत बोलावून त्यांनी अभिनंदन केलं. मी पास झाले होते.

बाहेर वर्गमित्राने विचारलं, मी सांगितलं, तो "झकास!" म्हणून ओरडला आणि ऑफिसकडे पळाला. कशासाठी, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी बसमध्ये वाक्यं जुळवत होते. आधी चेहरा पाडायचा, मग हळूच सांगायचं, की आधी पाया पडायचं?

इमारतीच्या जिन्यात मुलं ओरडली, "ताई पास! ताई पास!" वर गॅलरीत काकू पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. "ये गो बाय! तुझ्या त्या घाटकोपरच्या झिलाचो फोन इललो! परीक्षक लय खूष झालो म्हणान सांगल्यान!"

अडीअडचणीला म्हणून मीच त्याला तो नंबर दिला होता. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मी पेढा घेतला नाही, सरळ घरात शिरले आणि पिशवी कॉटवर आपटली.

आई ओट्यापाशी होती. तिने पदराने तोंड पुसलं, पुढे आली आणि दार लोटलं. खट्‌. भर संध्याकाळी.

"दार का लावलंस?" मी वसकन म्हणाले.

"असू दे. बस." ती माझ्यासमोर बसली. "काय झालं गं परीक्षेचं?"

"तुला माहीत नाही?"

"मला कोण सांगणार? मी आपली केव्हाची भांडी घासतेय."

तिच्या ओठाच्या कोपऱ्याला पेढ्याचा कण लागलेला होता. मी त्या कणाकडे बघत राहिले. मग सांगायला लागले. बसपासून सुरुवात केली. ती सगळं पहिल्यांदाच कळत असल्यासारखी ऐकत होती. फाइल उघडली नाही तिथे तिने "हं?" केलं, परीक्षक हसले तिथे हसली, त्यांना दह्याची गोष्ट सांगितल्याचं ऐकून "अगं बाई!" म्हणाली, आणि ते मात्र खरं होतं.

मध्येच दारावर थाप पडली. "अगो, दार कित्याक लावलात? पेढे तरी घेवा!"

आई उठली नाही. तिने मला पुढे सांगायची खूण केली. काकू दारापलीकडेच उभ्या होत्या, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. किल्ली त्यांच्याकडे होतीच, पण माझं सगळं सांगून होईपर्यंत त्यांनी दार उघडलं नाही.