खरवडलेला गणपती

'जतन' हा शब्द कुणी काढला की अजूनही माझ्या कपाळाला आठी पडते. शब्द बिचारा चांगला आहे, त्याचा काही दोष नाही. पण त्या शब्दापायी माझ्या बापाचं काय गेलं ते मी समोर बसून पाहिलंय.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मालगुजारी, आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती आणि जुन्या घरांतल्या वस्तू गोंदियाच्या बाजारात मोडीच्या भावानं निघत होत्या. ते बघवेना म्हणून चार शिकलेल्यांनी तालुक्याचं इतिहास मंडळ काढलं. एका धानगिरणीच्या माळ्यावर खोली, दोन कपाटं, एक लांब टेबल आणि चिटणीस वकीलसाहेब. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, गोंदियाजवळ मुर्रीला खोली करून राहायची. मंडळात बाई मी एकटीच, तेव्हा चहा मीच करायचा हे सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. पहिल्याच सभेत मी सांगितलं, मला चहा करता येत नाही. गिरणीचे शेठ पोट धरून हसले. म्हणाले, "मास्टरनीबाई तेज है."

माझं माहेर दवनीवाड्याच्या पलीकडे. गाव लहान, पण तिथली दंडार, म्हणजे सोंगं घेऊन नाचगाण्यानं रंगणारं नाटक, मोठी. दिवाळीनंतर मंडई, गावची जत्रा, भरायची, त्या संध्याकाळी गुरं जमतात त्या मोकळ्या आखरावर दंडार उभी राहायची, आणि दंडारीचा पहिला मान गणपतीच्या सोंगाचा. पांगाऱ्याच्या लाकडाचा तो मुखवटा कुणी कोरला हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझे वडील तरुणपणापासून तो चढवत आले होते. त्यांच्या आधी त्यांचे मामा. रीत अशी होती की ज्यानं सोंग चढवायचं त्यानंच मंडईच्या आधी त्यावर रंगाचा नवा हात द्यायचा. जुना रंग काढायचा नाही, त्यावरच द्यायचा. शेंदूर, हळद, गेरू, काजळ, ज्याला जे मिळेल ते. त्यामुळे त्या गणपतीचे गाल वर्षागणिक फुगत गेले होते. म्हातारी माणसं म्हणायची, देव दरसाल अंगानं भरते.

वकीलसाहेबांनी तो एका मंडईत पाहिला आणि त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं. मंडळात आणून त्याचं चित्र काढायचं, मोजमाप घ्यायचं, वाळवीची तपासणी करायची, असा त्यांचा आग्रह. गाव तयार होईना. शेवटी माझ्या वडिलांनी चावडीवर शब्द टाकला.

"माही पोरगी आहे तिथं. जसं नेलं तसं मंडईच्या आधी आनून देईन. नाही आनलं, तर मी पुन्हा सोंग चढवनार नाही."

त्यावर गाव कबूल झालं आणि मुखवटा मंडळात आला. वडिलांच्या अंगात दुसरं कुठलंच वेड नव्हतं. ना विडी, ना पत्ते. वर्षभर धान लावायचा, कापायचा, आणि एक संध्याकाळ देव व्हायचं. तेच त्यांनी पणाला लावलं होतं, आणि तेही माझ्या भरवशावर.

दसरा झाला तसा मी विषय काढला. वकीलसाहेब म्हणाले, बघू. आठवड्यानं पुन्हा विचारलं तर म्हणाले, नागपूरहून जाणकार पाहुणे येणार आहेत, त्यांना एकदा दाखवू आणि मग खुशाल न्या. पाहुण्यांचं येणं पुढे गेलं, पुन्हा पुढे गेलं. कपाटाची किल्ली वकीलसाहेबांच्या जानव्याला. दिवाळी आली नि गेली. आमच्याकडचा लवकर येणारा हलका धान कापून झाला, उशिराचा भारी धान उभा होता, आणि मंडई उद्यावर येऊन ठेपली. बाजाराला आलेल्या गावच्या माणसाकडून वडिलांनी निरोप धाडला. निरोप म्हणजे एवढाच, की बाई, रंग घोटून ठेवला आहे.

त्या निरोपानं माझं डोकं फिरलं. सरळ वकीलसाहेबांच्या घरी गेले. ओसरीवर पक्षकार बसलेले. मी त्यांच्यातच बसले आणि मोठ्यानं म्हटलं, "साहेब, लोकांची वस्तू वायद्यावर आणून परत न देणं याला कायद्यात काय म्हणतात हो?" पक्षकारांनी माना वळवल्या. साहेबांचा चेहरा असा झाला की काय सांगू. पण उठले, टोपी घातली आणि माझ्याबरोबर गिरणीच्या माळ्यावर आले.

मला वाटलं होतं ते रागावले असतील. कसलं काय! जिना चढताना त्यांची पावलं लगबगीनं पडत होती. कपाट उघडता उघडता म्हणाले, "बाई, तुम्हाला मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. आता बघाच आतून काय निघालंय!"

त्यांनी फडकं काढलं. टेबलावर एक पांढुरकं, अरुंद, हाडकुळं तोंड होतं. डोळ्यांच्या कडेला लाल रेघेचा जरासा अंश, बाकी नुसतं लाकूड. मला आधी वाटलं, हे दुसरंच काहीतरी आहे. मग कानावरची ती खाच दिसली, लहानपणी मी जिला बोट लावल्याबद्दल मार खाल्ला होता.

"काय केलंत हे तुम्ही?"

"स्वतःच्या हातानं केलंय. चाकू आणि टर्पेंटाइन. रोज कोर्टातून आलो की बसायचो. वरचं सगळं बाजारू होतं हो, रंगावर रंग, कसले तरी. खरा गणपती आत होता."

"मग आम्ही इतकी वर्षं खोट्याला नमस्कार करत होतो काय?"

ते गोंधळले. खरोखर गोंधळले. त्यांच्या बोटांना टर्पेंटाइननं भेगा पडल्या होत्या. सोंडेच्या मुळाशी वाळवी लागली होती, तिथं राळ भरून त्यांनी ती बुजवलीही होती, हे मला कबूल केलंच पाहिजे. तो माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला इतका त्रास झाला नसता. कधी कोणी कुठला रंग दिला याचा सगळा इतिहास त्या पापुद्र्यांत होता, आणि इतिहास मंडळाच्या चिटणिसानं तो खरवडून केरात टाकला होता. गणपती करायला गेला नि माकड झालं, ही म्हण अगदी तोंडाशी आली होती. गिळली.

"उद्या माझ्याबरोबर चला," मी म्हटलं. "हे तुम्हीच सांगा गावाला."

आले. त्यांना वाटत होतं, नीट समजावलं की गाव खूश होईल. रेंगीत, म्हणजे आमच्याकडच्या त्या हलक्या बैलगाडीत, मी मुखवटा मांडीवर घेऊन बसले होते आणि ते वाटभर मला कोरीवकामाबद्दल सांगत होते. दोन्ही बाजूंचा धान पिवळा झाला होता, बाया कापत होत्या, हात वर करून विचारत होत्या, "आला का वं गनपती?" मी मान हलवत होते. काय सांगणार?

आखरावर दुकानं लागली होती. जिलबीचा वास सुटला होता. वडील धुवट धोतर नेसून उभे होते, शेजारी रंगाची वाटी. गाव भोवती गोळा झालं. वडिलांनी माझ्या हातातून गाठोडं घेतलं, कपाळाला लावलं आणि सोडलं.

मागून एक म्हातारी म्हणाली, "अवं माय! हा कोन वं?"

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "गावकरी मंडळी, आपली ही मूर्ती फार प्राचीन..."

"कोनी सोललं याले?" एक पोरगा ओरडला. दुसऱ्यानं साहेबांच्या कोटाला हात घातला. "काऊन सोललं? तुह्या बापाचा होता का?" गर्दी एकदम पुढे सरकली. साहेब मागे झाले ते रेंगीच्या चाकावर आदळले, टोपी खाली पडली. मला भीती वाटली आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

वडील मधे येऊन उभे राहिले. मुखवटा छातीशी धरलेला. "पाहुना आहे तो," ते म्हणाले. "हात काढ."

पोरानं हात काढला. वडिलांनी वाकून टोपी उचलली, झटकली आणि साहेबांच्या हातात दिली. मला वाटत होतं, बाबा, एकदा तरी ओरडा. त्याच्यावर नाही तर माझ्यावर ओरडा. ते नाही ओरडले.

गावचे पाटील समजूतदार होते. पुढे येऊन म्हणाले, "झालं ते झालं, भाऊ. सोंग वेळेवर आलं, शब्द राहिला. रंगाचा हात द्या न् चढवा. दिवस जाऊन राहिला."

"नाही, पाटील. जसं नेलं तसं आनीन म्हनलो होतो मी."

"अजी, तुमचा काय दोष त्याच्यात?"

"दोष कायले लागते? शब्द माहा होता."

पाटलांनी पुन्हा समजावलं. दंडारीतली पोरं पाया पडली. मी सगळ्यांदेखत रडले, म्हटलं, बाबा, माझ्यासाठी चढवा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच मातीत मांडी घालून रंग द्यायला बसले. कोरडं लाकूड, रंग पिऊन टाकत होतं. एक हात द्यावा तर डाग पडल्यासारखं दिसे. त्यांनी पुन्हा दिला, पुन्हा दिला, आणि डोळे अगदी शेवटी काढले. मग भाच्याला हाक मारली आणि मुखवटा त्याच्या हातात दिला. भाचा घेईना. "मामाजी, मले नाही जमनार." वडील म्हणाले, "मलेही जमत नव्हतं पहिल्यांदा. घे."

दिवेलागणीला गण सुरू झाला. वडील लोकांत येऊन बसले, माझ्याशेजारी. वकीलसाहेब जरा लांब, कोट काढून गुडघे जवळ घेऊन बसले होते, त्यांच्याजवळ कोणी बसलं नव्हतं. ढोलकी वाजली, झांज वाजली, आणि दोन टेंभ्यांच्या मधून गणपती आला. अंगानं बारीक, नवा लाल. भाच्याचा पाय पहिल्याच फेरीत चुकला. वडिलांच्या मांडीवर त्यांचा हात ताल धरून होता तो थबकला, मग पुन्हा चालू झाला.

लोकांनी हात जोडले. वडील टक लावून बघत होते. त्यांचं तोंड लहान पोरासारखं उघडं राहिलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"बाई," ते माझ्या कानाशी म्हणाले, "समोरून असा दिसते का वं तो?"

मी हो म्हटलं.

"मी त्याच्या आतच रायचो न्. मले त्याले हात जोडताच नाही आले कधी."

आणि त्यांनी हात जोडले.