ज्वारी आत, आम्ही पायरीवर

अप्पांनी नव्या ज्वारीचं बाचकं खांद्यावरून उतरवलं, सरांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन ठेवलं आणि परत येऊन पायरीवर बसले. चपलांशेजारी. मीही तिथंच बसले. सर वर खुर्चीत. शेजारची दुसरी खुर्ची रिकामी. ज्वारी आत गेली, आम्ही बाहेर राहिलो.

आमच्या जिल्ह्याच्या शहरातल्या शुक्रवार पेठेतलं हे घर मला लहानपणापासून पाठ. सरांचं मोडनिंबला रान आहे, ते माझे वडील, अप्पा, वाट्यानं करतात. खळं झालं की सरांचा वाटा पोचवायचा आणि वर आमच्या वाट्यातला वानवळा द्यायचा. वाटा हक्काचा, वानवळा मानाचा, असं अप्पा म्हणतात. कुणाच्या मानाचा, हे मी कधी विचारलं नव्हतं. या खेपेला वाट्याची पोती आधीच टेम्पोनं पोचली होती, बाचक्यात होता तो वानवळा.

या वेळी आमचंही एक काम होतं. बारावीचे पेपर संपले होते आणि मला समाजशास्त्र शिकायचं होतं. सर कॉलेजात तोच विषय शिकवतात. कमी पैशात चांगलं कॉलेज कुठलं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? अप्पा एसटीत वाटभर हेच घोकत आले होते. देवाला कौल लावायला निघाल्यासारखे.

मला हाच विषय का हवा, हे सरांनी विचारलं नाही. ते अप्पांशीच बोलले. एक स्वस्तातलं कॉलेज आहे म्हणाले, ओळखीचं. नाव घालून टाकायचं. वर्गात जायची गरज नाही, फक्त परीक्षेला जायचं.

"डिग्री मिळेल, एसटीचा खर्च वाचेल, आणि रानातली कामंही बुडणार नाहीत की."

रान कुणाचं? त्यांचंच. अप्पांचा चेहरा मात्र उजळला. हीच आमची खोड. मोठ्या माणसानं त्याच्या सोयीचं सांगितलं, तरी आम्हाला ते उपकारच वाटतात.

सरांची मुलगी पुण्यात हाच विषय शिकते. होळीला घरी आली होती. तिनं आम्हाला तांब्याभर पाणी आणून दिलं. अप्पांनी भीत भीत विचारलं, "ताईच्या कालेजची फी लई आसंल न्हवं?"

"ते तुम्हाला झेपायचं नाही," सर म्हणाले.

"फी इथल्यापेक्षा कमी आहे, काका," ती म्हणाली. "सरकारी कॉलेज आहे. हॉस्टेल आहे. प्रवेश परीक्षेचे अर्ज अजून सुरू आहेत."

सरांनी तिला आत जायला सांगितलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. आवाज मऊ केला.

"तशा ठिकाणी टिकायला घरचं वातावरण लागतं, बाळ."

घरचं वातावरण. माझ्या आईचे हात यांची ज्वारी काढून काढून फाटलेत. त्या हातांनी थापलेली भाकरी खाऊन मी अभ्यास केला. अंगाची लाही झाली. आणि लाज वाटली, इतकी वर्षं या पायरीवर गुमान बसल्याची.

मी उठले. आत गेले. बाचकं उचलून खांद्यावर घेतलं.

"तुमचा वाटा पोचलाय, सर. हे आमच्या घरचंय."

दिलेला वानवळा परत नेणं म्हणजे आमच्याकडे कायमचं नातं तोडणं. अप्पा सरांपुढे हात जोडून उभे राहिले, मग स्टँडपर्यंत माझ्या मागून चालत आले. मान खाली.

"रान काडून घेतील," एसटीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले. "मग काय खायाचं?"

अजून सरांचा निरोप आलेला नाही, आणि अप्पा रोज त्या रानाकडे परक्यासारखे बघतात. मला सरांचा राग येतो. जोडलेल्या त्या हातांमुळे अप्पांचाही येतो.

त्या दिवशी मोडनिंबला उतरल्या उतरल्या मी सेवा केंद्रात जाऊन पुण्याच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला. बाचकं खांद्यावरच होतं.

परीक्षा व्हायची आहे. नापास झाले तर पुन्हा देईन. पण घरी बसून मिळणारी डिग्री घेणार नाही. मी वर्गात बसणार. बाकावर. आणि तिथं कुणी मास्तर आमच्यासारख्यांच्या घरचं वातावरण शिकवायला लागला, तर उभी राहून विचारणार, त्या घरात तुम्ही कधी बसलात का, सर? की नुसती तिथली ज्वारीच खाल्लीत?