नसलेला ब्रेक

देवाजीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांचंच नाव लिहीत होते. चंद्रपूरच्या आरटीओबाहेर टेबल टाकून मी लोकांचे फॉर्म भरून देते. समोर मनोहर बसला होता, चाळिशीचा, सात वर्षं तुरुंगात काढून आलेला, भाऊंकडे ट्रक शिकलेला. वडशाचा एक मालक त्याला धानाच्या गाडीवर घ्यायला तयार होता. ‘ओळख देणारा’ या रकान्यात भाऊंची सही तेवढी हवी होती. ती घ्यायला आम्ही संध्याकाळी सिंदेवाहीला जाणार होतो... सकाळीच छातीत कळ येऊन ते गेले.

आलापल्लीचं सागवान वाहण्यात भाऊंचा जन्म गेला. म्हातारपणी घरी बसायचं सोडून हा माणूस तुरुंगातून सुटलेल्यांना आपल्या जुन्या ट्रकवर शिकवत बसला. पहिला महिना फक्त रिव्हर्स. “पुढं त कोनीबी नेते, मांगं घ्याले शिका,” म्हणायचे. शिकवायच्या गाडीत डावीकडे वेगळा ब्रेक असतो, भाऊंच्या ट्रकला तो नव्हता. तरी ते डावीकडे बसून रिकाम्या पत्र्यावर पाय दाबत राहायचे.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. मालकाला पहिल्याच भेटीत तुरुंगाचं सांगायचं, हा त्यांचा नियम. त्यापायी मनोहर तीन दारांतून परत आला. मी चिडून म्हटलं, “भाऊ, कोणी विचारत नाही तर सांगता कशाला?”

“लपवलं त भेव राह्यते, बाई. भेलेला मानूस गाडी नीट चालवत नाई.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमचं अक्षर लय चांगलं हाय. सही मातर कुठीच नाई.”

मी हसण्यावारी नेलं. पण ते मला लागलं होतं.

भाऊंचं तेरावं झाल्यावर मालकाला फोन केला. “ज्याच्या शब्दावर घेत होतो तोच गेला. दुसरं कोनी हाय का?” मी भाऊंच्या जुन्या चेल्याचं नाव सांगितलं, इतकी वर्षं बिनतक्रार गाडी चालवणारा. “तो बी जेलवालाच ना?” म्हणजे माणसानं कितीही सरळ चालावं, त्याच्या सहीला किंमत नाहीच! मग सुधारायचं तरी कोणासाठी? मनोहरच्या गावच्या गुरुजींना विचारलं, सरपंचांना विचारलं. दोघंही “बघू” म्हणाले. त्यांच्यावर आठ दिवस धुसफुसले आणि मग स्वतःचीच लाज वाटली. मी तरी आजवर कोणासाठी कुठे सही केली होती? ‘ओळख देणारा’ या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आणि सही केली.

सही करणाऱ्यानं पहिल्या वेळी शेजारी बसून मालकाकडे जायचं, ही भाऊंची रीत. वहिनींनी ट्रकची किल्ली दिली. सिंदेवाहीहून निघालो. मी भाऊंच्या जागेवर बसले. पायाखालचं मॅटिंग एकाच ठिकाणी झिजून खालचा पत्रा दिसत होता. नागभीडच्या पुढे अचानक एक म्हैस आडवी आली आणि माझा पाय त्याच जागी जोरात दाबला गेला.

मनोहर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “भाऊ बी इथीच दाबत, बाई.”

म्हैस सावकाश निघून गेली. मी पाय तसाच दाबून बसले होते. मनोहरनं ब्रेक केव्हाच लावला होता.