विझल्यावर बंद होणारी शेगडी

चाकणच्या कंपनीत रंग फवारता फवारता ज्योतीरामांचं नाक कामातून गेलं होतं. तान्ही नात आपल्या हवाली करणार नाहीत, या धास्तीनं त्यांनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. उद्यापासून सून विजयश्री कामावर जाणार होती.

चिखलीच्या दुकानात विजयश्री एक देखणी काचेची शेगडी न्याहाळत होती.

"ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो, तशी दाखवा," ज्योतीराम म्हणाले.

दुकानदारानं एक पेटवून विझवली. गॅस बंद झाला.

"पुन्हा."

"बाबा, पुरे की! गॅस सुटला तर वास येतोच."

"तुला येतो, पोरी. मला न्हाई येत."

विजयश्रीनं कडेवरची मुलगी घट्ट धरली. मग दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, पुन्हा विझवून दाखवा."