पंडित गुरुजींचं शिकागो

आमच्या गावातल्या पोरांना परभणीची कचेरी कोणत्या दिशेला हे सांगता यायचं नाही. पण शिकागो मिशिगन सरोवराच्या नैऋत्य काठावर आहे, हे झोपेतून उठवलं तरी सांगत. ही करणी पंडित गुरुजींची. गाव बोरीच्या पुढचं. नाव सांगत नाही. सांगून गावाला लाज वाटेल अशी आशाही नाही.

मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. गुरुजी बौद्धवस्तीतले, विषय भूगोल. शाळेत नकाशे नव्हते, म्हणून ते शहाबादी फरशीवर खडूनं इलिनॉय राज्य आखायचे. मधे मक्याची सपाट रानं, वरच्या कोपऱ्यात शिकागो, आणि चहूकडून तिथं येणारे रेल्वेचे रूळ. मग १८७१ ची आग यायची. लाकडी घरं, लाकडी फुटपाथ. दोन दिवस शहर जळत होतं, लाखभर माणसं उघड्यावर आली. त्यानंतर लोकांनी ते विटांनी, दगडांनी पुन्हा बांधलं. हे सांगताना गुरुजी असे खुलायचे, जणू बांधकामाचा ठेका त्यांनीच घेतला होता.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावानंही हौस भागवून घेतली. वस्ती जाळली. गुरुजींचं कुडाचं घर बघता बघता बसलं. बायको सत्यशीलाबाईंना घेऊन ते ओढ्यात लपले म्हणून वाचले. जाळणाऱ्यांत त्यांनीच शिकवलेली पोरं होती. त्याचा मला राग आहे, आणि तो मरेपर्यंत राहील.

गुरुजींनी बदलीचा अर्ज केला. तेव्हा कुठं गावाला जाग आली, कारण आमच्याकडं यायला दुसरा मास्तर तयार नव्हता. गावचे कर्ते माणिकराव पाटील मला सोबत घेऊन वस्तीत गेले. गाव स्वतःच्या खर्चानं घर बांधून देईल, अर्ज मागं घ्या, असं त्यांनी सांगितलं. वर म्हणाले, "आमचं पोरगं सांगायलंय, शिकागो इटांनी बांधलं म्हून. तुमचं बी तसंच बांधू."

गुरुजींनी हात जोडून एकच गोष्ट मागितली. घर शाळेजवळच्या गावठाणाच्या रिकाम्या जागेत बांधा. त्यांना गाव सोडायचं नव्हतं. पण वस्ती पडली ओढ्याच्या पलीकडं, एकटी. ती जळाली तरी गावाला धगसुद्धा लागत नाही. भिंतीला भिंत लागून शेजार असला की काडी ओढणारा आधी आपल्या छपराकडं बघतो, एवढा त्यांचा साधा विचार होता.

माणिकरावांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली.

"गुरुजी, घर मागा. जागा नका मागू."

गुरुजी मान खाली घालून बसले. आता ते कबूल होणार, हे मला दिसत होतं, आणि फार वाईट वाटत होतं. सत्यशीलाबाई तीन दगडांच्या चुलीपाशी होत्या. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी बाई उठून पुढं आली.

"इटा जळत न्हाईत, पाटील," त्या म्हणाल्या. "पर आत तर आमीच ऱ्हाणार."

अर्ज मागं घेतला गेला नाही. दिवाळीच्या आत दोघं जिंतूरच्या एसटीत बसून गेले ते गेलेच. गाव अजून सांगतं, आम्ही पक्कं घर देत होतो, मास्तरच हट्टी.